जुन्या इमारतीची ऊर्जेची भूक कमी करताना: पाहणीपासून पडताळणीपर्यंत

जुनी इमारत उन्हाळ्यात तापते, थंडीत गारठते आणि ऊर्जेचे बिल दर वर्षी थोडे वर सरकते, तेव्हा बहुतेक मालकांच्या मनात पहिला विचार यंत्राचाच येतो. जास्त क्षमतेचा वातानुकूलक घ्यावा, बॉयलर बदलावा किंवा छपरावर सौर पॅनेल बसवून मोकळे व्हावे, असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण यंत्र डोळ्यांना दिसते, त्याची पावती मिळते आणि ते एका दिवसात बसते. इमारतीचा खरा दोष मात्र पुष्कळदा पोटमाळ्याच्या झाकणाभोवतीच्या फटीत, छपराखालच्या उघड्या पोकळीत किंवा खिडकीच्या चौकटीमागे बुजवायच्या राहून गेलेल्या खाचेत दडलेला असतो. तो तसाच ठेवून यंत्र बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इमारती तापवणे, थंड करणे, उजळणे आणि त्यांतली उपकरणे चालवणे यांसाठी जगातील एकूण अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा खर्च होते, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे आकडे सांगतात. आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी बहुसंख्य इमारती पुढची कित्येक दशके वापरात राहणार आहेत, त्यामुळे केवळ नव्या इमारती चांगल्या बांधून हा वापर फारसा खाली येणार नाही. आहे त्याच इमारतीत सुधारणा करावी लागेल, आणि तिथे सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो कामांचा क्रम. आधी मोजमाप, मग ओल आणि हवेची गळती, त्यानंतर छप्पर, भिंती आणि खिडक्या, त्यांच्या जोडीने वायुवीजन, मग यंत्रे आणि सर्वांत शेवटी सौरऊर्जा, हा क्रम मोडला की आधी केलेला खर्च नंतरच्या कामात वाया जातो, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे आकारमान बदलत असते.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या १०२ मजली इमारतीत २००९ पासून जे नूतनीकरण झाले, त्यात सुमारे साडेसहा हजार खिडक्यांची तावदाने टाकून न देता इमारतीतच उभारलेल्या तात्पुरत्या कार्यशाळेत उघडली गेली आणि दोन काचांमध्ये विशेष पातळ पडदा व वायू भरून पुन्हा बसवली गेली. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या मागे उष्णता परावर्तित करणारे थर लावले गेले आणि दिवाबत्तीचा भार घटवला गेला. या सगळ्यामुळे इमारतीची थंडाव्याची गरजच इतकी कमी झाली, की शीतकरण संयंत्र वाढवण्याऐवजी असलेलेच दुरुस्त करून भागले. आराखड्यात ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट होते. तेच काम उलट्या क्रमाने झाले असते, तर नव्या मोठ्या संयंत्रावर पैसा ओतल्यानंतर त्याची तेवढी गरज नव्हती हे लक्षात आले असते.

पहिली पायरी: वर्षभराची वही

कोणत्याही तज्ज्ञाला बोलावण्यापूर्वी किमान बारा महिन्यांची आणि शक्य असल्यास तीन वर्षांची बिले एकत्र करावीत. वीज, गॅस, तेल, लाकूड, जे काही वापरले जाते ते सगळे किलोवॅट-तासांत, म्हणजे आपण ज्याला युनिट म्हणतो त्यात, बदलून घ्यावे आणि वर्षाच्या बेरजेला इमारतीच्या वापरातील क्षेत्रफळाने भागावे. दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट, हा आकडा हाताशी असला की तशाच प्रकारच्या इतर इमारतींशी तुलना करता येते, आणि काम झाल्यावर फरक पडला की नाही हेही त्यावरूनच ठरते.

यानंतर एक साधा आलेख काढावा. आडव्या अक्षावर त्या त्या महिन्याचे बाहेरचे सरासरी तापमान आणि उभ्या अक्षावर त्या महिन्याचा वापर, असे बारा ठिपके मांडले की इमारतीचा स्वभाव कागदावर उमटतो. तापमान सौम्य असलेल्या महिन्यांतले ठिपके साधारण एका सपाट रेषेत येतात. तो पायाभूत भार, म्हणजे पाणी तापवणे, दिवे, शीतकपाट, पंप आणि सतत चालू राहणारी उपकरणे. थंडी किंवा उकाडा वाढेल तशी रेषा जिथून वर चढू लागते, तिथून पुढचा चढ इमारतीच्या कवचाचा, म्हणजे छप्पर, भिंती व खिडक्यांचा, आणि तापवण्या-गारवण्याच्या यंत्रांचा असतो. चढ तीव्र असेल तर पैसा छप्पर, भिंती आणि गळती यांवर घालावा. चढ सौम्य पण सपाट भागच उंचावर असेल, तर भिंतींना हात लावण्याआधी उपकरणांकडे पाहावे. हा आलेख काढायला तासभरही लागत नाही, तरीही मोठमोठी नूतनीकरणे तो न काढताच सुरू होतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

पायाभूत भार तपासण्याची आणखी सोपी रीत आहे. तापवण्याची किंवा थंड करण्याची गरज नसलेल्या दिवसांत रात्री झोपताना मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी उठल्याबरोबर पुन्हा पाहावा. आठ तासांत २.४ युनिट खर्च झाले असतील, तर सगळे झोपलेले असताना इमारत सतत ३०० वॅट ओढते आहे. हाच भार वर्षभर राहिला तर २,६२८ युनिट होतात. त्यांतले शीतकपाट वगळले तरी उरलेले नेमके कशावर जातात, हे एकेक उपकरण बंद करून शोधता येते.

आकड्यांनंतर प्रत्यक्ष पाहणी करावी. उष्णता दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा आजकाल भाड्यानेही मिळतो, पण तो वापरताना आत आणि बाहेर साधारण दहा अंशांचा फरक असावा लागतो. ऊन पडलेल्या भिंतीचे चित्र त्याच संध्याकाळी घेतले तर कॅमेरा भिंतीचा दोष न दाखवता दिवसभर साठलेली उष्णता दाखवतो, म्हणून सूर्यास्तानंतर काही तास थांबावे किंवा पहाटे काम करावे. काच आणि चकचकीत धातू यांच्यावरचे आकडे विश्वासार्ह नसतात, कारण ते समोरच्या वस्तूंची उष्णता आरशासारखी परावर्तित करतात.

दुसरी पायरी: ओल, आणि जुन्या साहित्यातले धोके

गळके छप्पर, फुटलेली पन्हळ, जमिनीतून भिंतीत चढणारी ओल आणि तडकलेला बाहेरचा गिलावा यांची दुरुस्ती आधी व्हावी. ओल्या भिंतीतून उष्णता कोरड्या भिंतीपेक्षा सहज वाहते, आणि ओल आत कोंडून वर उष्णतारोधक थर चढवला तर ती सुकण्याची वाटच बंद होते. लाकडी तुळयांची टोके भिंतीत गाडलेली असतील, तर तिथे कुजण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्याचबरोबर जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉसचे पत्रे, पाइपांवरची आवरणे किंवा शिसेयुक्त रंग असू शकतात. शंका असेल तिथे नमुना तपासून घेतल्याशिवाय खरवडणे, छिद्रे पाडणे किंवा तोडफोड करणे टाळावे. विजेची जुनी तारजोडणीही याच वेळी तपासावी, कारण उष्णतारोधक थराखाली दबलेली तार पूर्वीइतकी थंड राहत नाही.

तिसरी पायरी: हवेची गळती

खर्चाच्या मानाने सर्वाधिक फळ देणारे आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे हे काम आहे. आत आणि बाहेर २० अंशांचा फरक आहे आणि घराचे आकारमान ३०० घनमीटर आहे, असे धरू. घरातली सगळी हवा तासाला एकदा बदलत असेल, तर केवळ त्या हवेबरोबर सुमारे दोन किलोवॅट उष्णता सतत ये-जा करते. हेच प्रमाण तासाला ०.४ वर आणले की तोटा सुमारे ८०० वॅटवर येतो. त्यासाठी लागते ती मुख्यतः चिकाटी, फोम, सीलंट, चिकटपट्टी आणि रबरी पट्ट्या.

गळती कुठे असते? मी पाहिलेल्या एका दुमजली घरात मालकाने सगळ्या खिडक्या नव्या बसवून घेतल्या होत्या आणि तरीही बिलात काहीच फरक पडला नव्हता. वाऱ्याच्या एका संध्याकाळी आम्ही उदबत्ती पेटवून खोलीखोलीतून फिरलो. खिडक्यांपाशी धूर सरळ वर जात होता. भिंतीतल्या विजेच्या पेटीपाशी मात्र तो वळून पेटीच्या छिद्रात शिरला, जणू कोणी आतून ओढून घेत होते. पोटमाळ्यावर चढून पाहिले, तर न्हाणीघरामागून वर येणाऱ्या पाइपांची पोकळी तळहाताएवढ्या रुंदीने थेट माळ्यात उघडी होती आणि माळ्याच्या झाकणाला रबराची पट्टीच नव्हती. थंडीत उबदार हवा वर चढते आणि वरच्या फटींतून निसटते, तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून थंड हवा आत येते. त्यामुळे वरची आणि खालची टोके आधी बंद करावीत, मधल्या मजल्याच्या खिडक्या त्यानंतर. त्या घरात ती पोकळी आणि ते झाकण एका दुपारी बंद झाले.

शोध पद्धतशीर करायचा असेल, तर दाब चाचणी करून घ्यावी. बाहेरच्या दारात कापडी चौकट आणि मोठा पंखा बसवून आत आणि बाहेर ५० पास्कलचा (पास्कल हे दाबाचे एकक) दाबफरक निर्माण करतात आणि त्या दाबाला तासाला किती वेळा हवा बदलते ते मोजतात. जुन्या घरांत हा आकडा दहाच्या वरही सहज निघतो. जर्मनीतील डार्मस्टाट येथील पॅसिव्ह हाऊस इन्स्टिट्यूटच्या मानकांत नव्या इमारतीसाठी ०.६ आणि नूतनीकरण केलेल्या इमारतीसाठी १.० अशी मर्यादा आहे. प्रत्येक जुन्या घराने तिथपर्यंत पोहोचण्याचा हट्ट धरू नये. दहावरून चारवर येणे हेही मोठेच काम आहे. काम झाकण्यापूर्वी चाचणी दोनदा करावी, एकदा सुरुवातीला आणि एकदा हवाबंदीचे काम उघडे असताना, म्हणजे गिलावा किंवा पॅनेल चढण्यापूर्वी. सगळे झाकून झाल्यावर केलेली चाचणी दोष दाखवते, पण तिथे हात पोहोचू देत नाही.

एक खबरदारी जीवावरची आहे. घरात चूल, शेगडी किंवा खोलीतलीच हवा घेणारा गॅसचा गीझर वा बॉयलर असेल, तर फटी बंद करण्यापूर्वी त्याच्या धुराची वाट आणि ताज्या हवेची सोय तपासावी आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे.

चौथी पायरी: छप्पर आणि भिंती

उष्णतारोधक साहित्य निवडताना जाडी किती घ्यायची, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर एका हिशेबातून चांगले समजते. २३ सेंटिमीटर जाडीची साधी विटांची भिंत घेतली, तर तिच्या दर चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला साधारण २.१ वॅट उष्णता जाते. याला त्या भिंतीचा यू-मूल्यांक म्हणतात. हा आकडा जितका कमी, तितकी भिंत चांगली. तिच्यावर ५ सेंटिमीटर खनिज लोकर, म्हणजे दगड किंवा काचेच्या तंतूंचा उष्णतारोधक थर, चढवली की तो ०.५२ होतो, १० सेंटिमीटरला ०.३० आणि १५ सेंटिमीटरला ०.२१. शंभर चौरस मीटर भिंत आणि २० अंशांचा फरक धरला, तर उष्णतेची ये-जा ४.२ किलोवॅटवरून अनुक्रमे १.०४, ०.६० आणि ०.४२ किलोवॅटवर येते. पहिल्या पाच सेंटिमीटरनी तीन चतुर्थांश तोटा थांबवला. पुढच्या पाचांनी त्यात जेमतेम दहा टक्क्यांची भर घातली.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक भिंत जाड थराने मढवून दुसरी उघडी ठेवण्यापेक्षा सगळीकडे मध्यम थर देणे अधिक फायद्याचे असते. दुसरे म्हणजे परांची, मजुरी आणि गिलावा यांचा खर्च जाडीवर फारसा अवलंबून नसतो, त्यामुळे एकदा काम काढलेच आहे तर पाचाऐवजी दहा-बारा सेंटिमीटर घेणेच शहाणपणाचे, कारण तीच भिंत पुन्हा पुढची तीस वर्षे कोणी उघडणार नाही.

सुरुवात छपरापासून करावी. थंड हवामानात उबदार हवा तिथे जमते आणि उष्ण हवामानात सूर्य तिथेच सर्वाधिक वेळ तळपतो. पोटमाळा वापरात नसेल तर त्याच्या जमिनीवर लोकर किंवा सेल्युलोज (कागदाचा भुगा) पसरणे हे सर्वांत स्वस्त काम आहे. मात्र आधी खालच्या फटी बंद कराव्यात, कारण लोकर हवा अडवत नाही, फक्त गाळते. माळा त्यानंतर पूर्वीपेक्षा थंड राहील, तेव्हा वळचणीकडची हवेची वाट लोकरीने बुजवू नये. सपाट गच्चीवर जलरोधक थराच्या वर पाणी न शोषणारे कडक फोमचे तक्ते टाकून त्यावर फरशी किंवा खडी अंथरता येते. त्याने जलरोधक थरही ऊन आणि थंडीच्या ताणापासून वाचतो.

उष्ण प्रदेशात छपराचा रंग हेच एक साधन आहे. गडद छप्पर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ५ ते १५ टक्केच परत फेकते, तर नवे पांढरे परावर्तक लेपन ७० ते ८५ टक्के. भर दुपारी दोघांच्या पृष्ठभागाच्या तापमानात २५ ते ३० अंशांचा फरक पडू शकतो. धूळ आणि शेवाळ साचले की परावर्तन घटते, म्हणून लेपनाबरोबर ते धुण्याची व्यवस्थाही ठरवावी. थंडी लांबलेल्या प्रदेशात मात्र हाच उपाय हिवाळ्यातली उपयोगी उष्णताही नाकारतो.

भिंतींचा थर बाहेरून द्यावा की आतून, यात माझा कल शक्य तिथे बाहेरून देण्याकडे आहे. बाहेरून दिलेला थर मजल्यांच्या स्लॅबची टोके, लिंटेल (दार-खिडक्यांवरच्या तुळया) आणि कोपरे सलग गुंडाळतो, भिंतीचे वजनदार साहित्य आतल्या तापमानात राहून चढउतार शोषून घेते आणि रहिवाशांना घर सोडावे लागत नाही. आतून थर दिला की मजल्याचा स्लॅब आणि आतल्या आडव्या भिंती जिथे बाहेरच्या भिंतीला मिळतात, तिथे तो तुटतो आणि उष्णतेला तोच पूल मिळतो. दर्शनी भाग संरक्षित असेल किंवा शेजारची हद्द आड येत असेल, तर आतूनच करावे लागते. तसे करताना जाडी माफक ठेवून थर आडव्या भिंतींवर आणि छतावर हातभर वळवून घ्यावा.

बाहेरच्या थरात काम बिघडते ते बहुधा कडांना. खिडकीच्या भोवतालच्या खोबणीत दोन-तीन सेंटिमीटरचा तरी थर वळायला हवा, खिडकीखालची पट्टी नव्या भिंतीच्या पुढे येऊन पाणी खाली टाकणारी हवी आणि छपराची वळचण पुरेशी पुढे काढलेली हवी. निविदा तपासताना साहित्याच्या नावापेक्षा या कडांचे रेखाचित्र आहे की नाही, ते आधी पाहावे.

आगीच्या प्रश्नावर तडजोड करू नये. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरचे नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झाले. त्यात बाहेरून उष्णतारोधक थर आणि पॉलिएथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले होते. १४ जून २०१७ च्या आगीत ज्वाला त्याच आवरणावरून वर चढल्या आणि ७२ जणांचा बळी गेला. उंच इमारतीवर ज्वलनशील साहित्य वापरू नये, आवरणामागच्या पोकळीत प्रत्येक मजल्यावर आग अडवणारे पट्टे असावेत आणि ते प्रत्यक्ष बसवल्याची छायाचित्रे कंत्राटदाराकडून घ्यावीत.

वाफेची दिशा

इथे दुसऱ्या हवामानातले नियम डोळे झाकून उचलण्याची चूक सर्रास होते. हवेतली वाफ उबदार आणि दमट बाजूकडून थंड आणि कोरड्या बाजूकडे झिरपते, आणि वाटेत पृष्ठभाग पुरेसा थंड मिळाला की तिथे पाणी होते. २० अंश तापमानाच्या आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, ९.३ अंश असतो. पण बुरशीला थेंबांची वाट पाहावी लागत नाही. त्याच खोलीत एखादा कोपरा १२.६ अंशांच्या खाली राहिला, की त्याच्या लगतच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि बुरशीला तेवढे पुरते.

म्हणून थंड प्रदेशात वाफ अडवणारा थर आतल्या, म्हणजे उबदार बाजूला असतो. उष्ण, दमट आणि वातानुकूलित इमारतीत दिशा उलटते. तिथे वाफ बाहेरून आत येते, आणि आतल्या बाजूने प्लास्टिकचा पडदा किंवा विनाइलचा भित्तिकागद लावला, तर त्याच्यामागे पाणी साचून बुरशी धरते. असा कागद सोलल्यावर मागे दिसणारे काळे-गुलाबी डाग आणि येणारा कुबट वास ज्याने एकदा अनुभवला आहे, तो हा नियम विसरत नाही. दोन्ही ऋतू तीव्र असतील तिथे पूर्ण अडवणारा थर टाळावा आणि भिंत किमान एका बाजूने सुकू शकेल असे साहित्य निवडावे. जुन्या चुन्याच्या भिंतींना तर श्वास घेऊ देणारे गिलावे आणि रंगच योग्य ठरतात.

पाचवी पायरी: खिडक्या

एकेरी काचेचा यू-मूल्यांक ५.७ च्या आसपास असतो, साध्या दुहेरी काचेचा २.८, आणि उष्णता परावर्तित करणाऱ्या अदृश्य लेपाच्या, आर्गॉन वायू भरलेल्या दुहेरी काचेचा १.१ ते १.३. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण खिडक्यांचे क्षेत्रफळ भिंतींच्या मानाने लहान असते आणि बदलण्याचा खर्च मोठा. चौकट मजबूत असेल तर झडपांना रबरी पट्ट्या लावणे, चौकट आणि भिंत यांमधली खाच बुजवणे आणि आतून दुसरी काच बसवणे एवढ्यानेही बराच पल्ला गाठता येतो. चौकट कुजली असेल, तर ती बदलताना नवी खिडकी उष्णतारोधक थराच्या रेषेत आणावी.

उष्ण प्रदेशात यू-मूल्यांकापेक्षा काचेतून किती ऊन आत येते, हे अधिक महत्त्वाचे असते. साध्या एकेरी काचेतून ८० टक्क्यांहून अधिक सौरउष्णता आत शिरते, तर ऊन अडवणाऱ्या लेपाच्या काचेतून २५ ते ३० टक्के. त्याहून चांगला उपाय म्हणजे ऊन काचेपर्यंत पोहोचूच न देणे. बाहेरचा छज्जा, झापा किंवा पडदा आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी प्रभावी असतो, कारण आतला पडदा तापतो तेव्हा ती उष्णता आधीच खोलीत आलेली असते. पूर्व आणि पश्चिमेकडे सूर्य खाली असल्यामुळे आडवा छज्जा अपुरा पडतो, तिथे उभ्या पट्ट्या किंवा सरकते झापे लावावेत.

सहावी पायरी: ताजी हवा ठरवून आणणे

गळती बंद झाली की पूर्वी फटींतून आपोआप येणारी हवा बंद होते. हा हवाबंदीचा दोष नाही. फटींतली हवा वादळात नको तितकी येत होती आणि शांत दिवशी हवी तेव्हा येत नव्हती. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत १,००० च्या वर जाऊ नये असे सुचवले होते, आणि हा आकडा आजही उपयोगी निर्देशक मानला जातो. लहानसे मापक झोपण्याच्या खोलीत एक रात्र ठेवले की वायुवीजन पुरेसे आहे की नाही ते कळते.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून हवा बाहेर ओढणारे पंखे ही किमान सोय आहे, आणि त्यांचे तोंड थेट बाहेर उघडावे, माळ्यात नव्हे. थंड किंवा फार उष्ण प्रदेशात बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र बसवता येते. चांगल्या यंत्रात तीन चतुर्थांशाहून अधिक उष्णता परत मिळते, पण गाळण्या वेळेवर बदलल्या नाहीत तर त्याचा काहीच उपयोग उरत नाही.

सातवी पायरी: यंत्रे, आणि त्यानंतर सौरऊर्जा

आता इमारतीचा भार नव्याने काढावा. जुन्या यंत्राच्या पाटीवरची क्षमता तशीच नव्या यंत्रासाठी लिहून देणे ही चूक मी वारंवार पाहिली आहे. गरजेपेक्षा मोठा वातानुकूलक खोली झटकन थंड करून बंद पडतो, त्यामुळे हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली गार पण चिकट राहते. गरजेपेक्षा मोठा बॉयलर सतत चालू-बंद होऊन इंधन उधळतो.

उष्णता पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता ओढून आत आणणारे यंत्र, एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, मात्र त्याला पाणी किती तापवावे लागते यावर हे अवलंबून असते. ५५ अंशांऐवजी ३५ अंशांचे पाणी पुरले तर त्याची कार्यक्षमता बरीच वाढते. इथे आधीच्या पायऱ्या कामी येतात, कारण कवच सुधारल्यावर घराची गरज घटते आणि पूर्वी कडक तापलेले पाणी लागणारे तेच जुने रेडिएटर कोमट पाण्यावर पुरेसे ठरतात. बॉयलर ठेवायचाच असेल आणि तो धुरातली वाफ पकडणारा असेल, तर परतीचे पाणी ५५ अंशांच्या खाली असल्याशिवाय त्याचा फायदा मिळत नाही. पाणी कमी तापवण्याची ही सोय अनेक घरांत केवळ बटण फिरवून मिळते आणि तरीही वापरली जात नाही.

हवेच्या नळ्या तापवलेल्या किंवा थंड केलेल्या भागाबाहेरून जात असतील, तर त्यांचे सांधे तपासावेत, कारण सामान्य घरात अशा नळ्यांतून २० ते ३० टक्के हवा वाटेतच निसटते. सांध्यांना लेप किंवा धातूची चिकटपट्टी लावावी, साधी कापडी पट्टी काही वर्षांत सुटते. गरम पाण्याच्या नळ्यांना आवरण घालावे, पण साठवणीचे तापमान ६० अंशांच्या खाली आणू नये, कारण फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लेजिओनेला जिवाणू कोमट पाण्यात वाढतात. मोठ्या इमारतीत पंप आणि पंख्यांना वेग नियंत्रक बसवावेत. पंख्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून वेग ८० टक्क्यांवर आणला की विजेची गरज जवळपास निम्मी होते. दिवे एलईडी करणे एव्हाना सांगण्याची गोष्ट राहिलेली नाही.

सौर पॅनेल शेवटी, कारण तोवर किती वीज लागते ते नेमके कळलेले असते आणि छपराचे जलरोधन व उष्णतारोधन झालेले असते. पॅनेल आधी बसवून दोन वर्षांनी छप्पर दुरुस्तीला काढायचे, तर ती सगळी उतरवून पुन्हा चढवावी लागतात.

टप्प्याटप्प्याने करायचे असेल तर

सगळा पैसा एका वेळी उभा राहत नाही, म्हणून काम पाच-दहा वर्षांत विभागणे स्वाभाविक आहे. तेव्हा पूर्ण आराखडा मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवावा आणि प्रत्येक नियमित दुरुस्तीला त्यातले एक काम जोडावे. छप्पर गळते म्हणून उघडले की उष्णतारोधन त्याच वेळी, बाहेरचा गिलावा बदलायचा असेल तर भिंतीचा थर त्याच परांचीवर. खिडक्या आधी आणि भिंती नंतर असे ठरले असेल, तर नवी खिडकी पुढे येणाऱ्या थराची जाडी लक्षात घेऊनच बसवावी. वेगवेगळ्या कारागिरांमध्ये हवाबंदीची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहावे. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर नंतर येऊन भिंतीत भोके पाडतात आणि ती कोणीच बुजवत नाही, असा अनुभव जवळजवळ प्रत्येक कामात येतो.

पडताळणी

काम संपल्यावर दाब चाचणी पुन्हा करावी, प्रत्येक पंख्याचा हवेचा प्रवाह मोजून घ्यावा आणि नियंत्रकांवरच्या वेळा व तापमाने रहिवाशांसमोर लावून दाखवावीत. त्यानंतर पहिल्या पायरीतला आलेख नव्या बारा ठिपक्यांनी पुन्हा काढावा. नुसती दोन बिले शेजारी ठेवली तर सौम्य हिवाळ्याचे श्रेय कामाला मिळते किंवा कडक उन्हाळ्याचा दोष त्याच्या माथी बसतो. रेषेचा चढ कमी झाला असेल, तर कवचाने काम केले आहे. बचत हिशेबापेक्षा कमी भरली, तर आधी कोणत्या खोल्या बंद ठेवल्या जात होत्या ते विचारावे. पूर्वी थंडीत एकाच खोलीत गोळा होणारे कुटुंब आता सगळे घर वापरत असेल, तर बचतीचा काही भाग सुखसोयीत गेला आहे, वाया गेलेला नाही.

पहिल्या वर्षी प्रत्येक ऋतूत एकदा कपाटांच्या मागे, बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत आणि खिडकीच्या खालच्या कडेला बुरशीचे ठिपके दिसतात का ते पाहावे. झाकण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे, वापरलेल्या साहित्याची नावे व जाडी, सगळ्या चाचण्यांचे अहवाल आणि गाळण्या बदलण्याच्या तारखा एका फायलीत ठेवून ती विजेच्या मीटरच्या पेटीजवळ टांगावी, म्हणजे पुढच्या वेळी भिंतीत छिद्र पाडायला येणाऱ्या कारागिराला आत काय आहे ते आधी पाहता येईल.